घरी एकटी राहते. यजमानांची दुनळी बंदूक नावावर करून घ्यावी का?

ओटीवरची_जास्वंद :

रत्नागिरी जिल्ह्यात वाडीच्या टोकाला चिऱ्याचं कौलारू घर आहे. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. वय ६१, एकटीच राहते, मुलगा-मुलगी दोघंही पुण्यात. यजमानांच्या नावावर बारा बोअरची जुनी दुनळी होती. ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा केली, पावती आहे. मुलगा म्हणतो बंदूक विकून टाक, दीर म्हणतात नावावर करून घे, एकट्या बाईच्या घरात बंदूक असलेली बरी.

माझे प्रश्न असे. बारा बोअर नावावर होते का आणि कशी? त्यापेक्षा नवीन रिव्हॉल्व्हर बरं का? घरात कुठे आणि कशी ठेवायची? आणि रात्री कोणी आत शिरलं तर तिचा खरोखर उपयोग होईल का? उगाच धीर देणारं उत्तर नको. रात्री झोपेची अर्धी गोळी घेते, तेही आधीच सांगते.

परवाना_शाखा :

ताई, कागदांचं सांगतो. बंदूक ठाण्यात जमा केलीत हे योग्यच केलंत. परवानाधारक गेल्यावर त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. मधल्या काळात ती घरात राहिली तर ते विनापरवाना शस्त्र होतं आणि शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आहे. 'बाबांची आठवण' म्हणून माळ्यावर ठेवलेल्या बंदुकीही यातच येतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

जमा केलेलं शस्त्र वारसाने ठरलेल्या मुदतीत मागायचं असतं किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकायचं असतं. दोन्ही केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणून ठेवायची की विकायची हे ठरेपर्यंत गप्प बसू नका. 'वारस म्हणून परवान्याचा अर्ज करणार आहे, तोवर शस्त्राची विल्हेवाट लावू नये' असा साधा अर्ज ठाण्यात द्या आणि त्याची पोच घ्या.

परवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तोच आयुक्तांकडे जातो, तुमचा जिल्हा त्यात येत नाही. अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळख, पत्ता आणि वयाचा पुरावा, फोटो, यजमानांचा मृत्यू दाखला, त्यांची मूळ परवाना पुस्तिका, ठाण्याची पावती, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांचं ना-हरकत. मुलगा आणि मुलगी दोघांचं हवं. मुलगा नको म्हणतोय तर आधी त्याच्याशी बोलून घ्या, कारण त्याने सही केली नाही तर फाईल तिथेच थांबेल. शिवाय शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरात सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याचं हमीपत्र. प्रशिक्षण कोणाचं चालतं ते गृह शाखेतच लेखी विचारा, म्हणजे भलतीकडे पैसे जाणार नाहीत.

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाची वेगळी तरतूद आहे. धारकाच्या मृत्यूनंतर तर अटी पुऱ्या करणाऱ्या वारसाला परवाना मिळू शकतोच, पण धारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं तर तो हयातीतही वारस नेमू शकतो. ज्यांच्या घरी वडिलांची बंदूक आहे त्यांनी हे आत्ताच करून घ्यावं.

अर्जानंतर पोलीस अहवाल येतो. त्याला नियमाप्रमाणे ३० दिवस आहेत आणि त्यापुढे परवाना प्राधिकाऱ्याला निर्णयासाठी ६०. प्रत्यक्षात फाईल अहवालापाशी अडकते, म्हणून अहवाल कधी निघाला त्याचा जावक क्रमांक विचारत राहा.

रिव्हॉल्व्हर की बारा बोअर, यात कायद्याचा एक मोठा फरक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक संरक्षणासाठी मागितली तर, नाकारायला कलम १४ चं कारण नसेल तर, परवाना 'द्यावा' असं लिहिलंय. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'योग्य कारण' आहे असं प्राधिकाऱ्याला वाटावं लागतं. 'एकटी राहते' एवढ्यावर बहुतेक अर्ज मागे येतात. धमकीची तक्रार, परिसरातल्या घरफोड्यांचे गुन्हा क्रमांक, असं काही जोडावं लागतं. नकार आला तर कारणं लेखी मागा. तुमच्या जिल्ह्यासाठी अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे, मुदत ३० दिवस.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, वारसाने आलेलं धरून.

नळी_साफ :

वरची माहिती बरोबर आहे. मी फक्त बंदुकीबद्दल लिहितो, थोडं सविस्तर, कारण जुनी दुनळी नावावर झाली म्हणजे ती लगेच चालवण्याजोगी असते असं नाही.

ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, कोकणातल्या हवेत, एक पावसाळा गेला तरी नळीला आतून गंज धरतो. हातात आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे ती दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे नेणं. तो काय तपासतो ते तुम्हालाही कळावं. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या आणि दस्ता हलवून पाहायचे. खुळखुळ जाणवली तर सांधा झिजलाय. बंद बंदूक उजेडाकडे धरून नळीच्या बुडाशी फट दिसते का पाहायचं. दिसली तर ती बंदूक उडवायची नाही. मग नळीत आरपार पाहायचं. आतली वर्तुळं एकसारखी दिसली पाहिजेत. कुठे सावली वाकडी पडली तर तिथे पोचा आहे. आणि नळीवर बाहेरून लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या पिळून केलेली जुन्या काळची नळी. आजच्या बिनधुराच्या दारूचं काडतूस तिच्यात घालायचंच नाही, भिंतीवर लावायला ठेवा.

त्यानंतर चेंबरची, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेची, लांबी. जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर बहुधा ६५ मिमी असतं. बाजारात ७० मिमीचं काडतूसही मिळतं. ही लांबी न उडवलेल्या काडतुसाची नसते, तोंड उलगडल्यानंतरची असते. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक बंदही होते. उडवताना मात्र उलगडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब भलताच वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं समजू नका. चेंबरची लांबी मोजून घ्या आणि ती लिहिलेली चिठ्ठी परवाना पुस्तिकेच्या मागे कायम ठेवा. काडतुसं खडकीच्या कारखान्याची मिळतात. यजमानांच्या वेळची उरलेली असतील तर ती वापरू नका. कागदी नळीची काडतुसं दमट हवेत फुगतात, चेंबरमध्ये अडकतात किंवा उशिरा पेटतात. ट्रिगर दाबून नुसता 'खट' झाला तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबायचं, मगच बंदूक मोडून, म्हणजे सांध्यातून उघडून, काडतूस काढायचं. घाईत उघडली आणि तेव्हाच पेटलं तर हात आणि चेहरा दोन्ही जातात.

कोकणातला आणखी एक धोका कुंभारमाशीचा. उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत ती मातीचं घर करते. अशी नळी उडवली तर फुटते. काडतूस घालण्याआधी प्रत्येक वेळी नळीतून उजेड पाहायचा, यात अपवाद नाही. चामड्याच्या खोळीत बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जास्त तेल दस्त्यात उतरतं आणि लाकूड कुजतं, म्हणून ठेवताना नळीचं तोंड किंचित खाली. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्याला पाहणी.

ठेवायची कुठे? दुनळीचे तीन भाग होतात: नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड. घराबाहेर जाताना नळ्या एका कुलपात, दस्ता दुसऱ्या कुलपात. काडतुसं तिसरीकडे, किल्ली स्वतःजवळ. भिंतीत बोल्ट मारलेली लोखंडी पेटी हवी. लाकडी कपाटाला कुलूप म्हणजे फक्त समाधान. मुलांकडे पुण्याला जास्त दिवस जाणार असाल तर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. बंद घरात बंदूक सोडून जाणं म्हणजे ती चोराच्या हाती द्यायची तयारी.

आता खरा प्रश्न, रात्रीचा. कुलपातली पेटी उघडणं, भाग जोडणं, काडतुसं घालणं, हे अंधारात, घाबरलेल्या हातांनी किती वेळ घेतं ते प्रशिक्षकासमोर, रिकाम्या बंदुकीवर घड्याळ लावून पाहा. तेवढा वेळ तुमच्या दाराने दिला पाहिजे. दार तेवढा वेळ देत नसेल तर बंदूक पेटीतच राहते. आणि हा वेळ वाचवण्यासाठी भरलेली बंदूक पलंगाशी ठेवायची, हा उपाय मी कोणालाही सांगणार नाही. दुनळीचा सेफ्टी खटका बहुतेक बंदुकांत फक्त ट्रिगर अडवतो, आतला हॅमर ताणलेलाच राहतो. पडली, आपटली तर उडू शकते.

'छर्रे पसरतात, नेम धरावा लागत नाही' हाही गैरसमज. घरातल्या चार-पाच मीटरवर छर्ऱ्यांचा पसारा मुठीएवढा, फार तर थोडा जास्त. नेम धरावाच लागतो. चिऱ्याची भिंत छर्रे अडवते, पण प्लायवूडची फळी, पत्रा, कुडाची भिंत अडवत नाही. एसजी, एलजी हे मोठे छर्रे तर सरळ पार जातात. पलीकडे कोण आहे ते माहीत असलं पाहिजे. बंद खोलीत आवाजाने कान सुन्न होतात, नंतर फोनवरचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. आणि तीन किलोची बंदूक खांद्याला घट्ट न टेकवता उडवली तर ६१ व्या वर्षी खांद्याचं हाड दुखावतं.

रिव्हॉल्व्हरबद्दल थोडक्यात. साध्या परवान्यात .३२ मिळतं. कानपूरच्या सरकारी कंपनीचं 'प्रबल' २०२३ मध्ये आलं, वजन ६७५ ग्रॅम, चकरी बाजूला उघडते. त्याआधीचं 'निर्भीक' २०१४ चं, ते आणखी हलकं. हलकं हत्यार हातात जास्त उसळतं आणि छोट्या नळीवर नेम कठीण असतो. नियमित सराव नसेल तर चार मीटरवरही चुकतं. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, दुकानात फक्त '.३२ द्या' म्हणू नका. तुमच्या परिस्थितीत मी रिव्हॉल्व्हरच्या मागे लागणार नाही.

वकील_सातारकर :

'घरात शिरला तर उडवायचा हक्क आहे' असं बरेच जण ठामपणे सांगतात. अर्धंच खरं आहे.

भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, १ जुलै २०२४ पासून लागू. कलम ३८ अंगावरच्या हल्ल्याबद्दल: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा प्रसंगी समोरच्याचा जीव जाईपर्यंत प्रतिकार क्षम्य आहे. कलम ४१ मालमत्तेबद्दल: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, घराला आग लावणं. कौलं काढून आत उतरणं ही कायद्याने घरफोडीच. साधी चोरी किंवा घरात शिरणं असेल, तर 'प्रतिकार केला नाही तर जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल' अशी वाजवी भीती असावी लागते.

या सगळ्यावर कलम ३७ चा लगाम आहे. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. म्हणून दाराआड सुरक्षित बसून ११२ ला फोन करता येत असताना दार उघडून बाहेर जाऊन उडवलं, तर तुमची बाजू कमकुवत होते. घरफोडीच्या बाबतीत हक्क तो माणूस घरात असेपर्यंत. कलम ४३ तसं सांगतं. अंगणातून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे गेले तर तो खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा खटला होऊ शकतो. आंब्याच्या बागेत शिरलेल्या चोरावर तर बंदूक रोखूही नका. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भार आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर असतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १०८). शंका घेण्याजोगं चित्र उभं करता आलं तरी चालतं, पण ते उभं तुम्हालाच करावं लागतं.

'हवेत एक बार काढायचा' हा सल्ला ऐकू नका. कौलारू घरात वर उडवलेले छर्रे छप्पर फोडतात आणि बार निष्काळजीपणे काढल्याबद्दल तुमच्यावरच गुन्हा येऊ शकतो.

प्रसंग घडलाच तर बंदूक रिकामी करून खाली ठेवा, रिकामी काडतुसं उचलू नका, रक्त पुसू नका, जखमीसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. बंदूक पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून जाईल आणि खटला संपेपर्यंत बहुधा परत येणार नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेतही शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. जिल्ह्याची छाननी समिती काहींना सूट देते. एकटं राहण्याचं कारण देऊन वेळेत अर्ज करा, पण सूट मिळेलच असं धरू नका. म्हणजे निवडणुकीच्या काळातले काही आठवडे तुम्ही बंदुकीशिवायच असाल.

गावातली_डॉक्टर :

ताई, झोपेच्या गोळीचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण उत्तर बरंचसं त्यातच आहे. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, यातलं काही असेल तर रात्री दोनला जाग आल्यावर माणूस उभा राहतो, बोलतो, पण त्याचा निर्णय आणि तोल दोन्ही ताळ्यावर नसतात. सकाळी त्यातलं काही आठवतही नाही. त्या अवस्थेत हातात भरलेली बंदूक नको. मुलगा रात्री अचानक पुण्याहून आला आणि मागच्या दाराने आत शिरला, तर त्या क्षणी तुम्हाला तो ओळखू येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी जाल तेव्हा ही गोळी डॉक्टरांपासून लपवू नका. आधी गोळी बंद करता येते का ते पाहू. तीही एकदम सोडायची नसते, हळूहळू कमी करायची.

दुसरं, जोडीदार गेल्यानंतरच्या काळात घरात बंदूक आणण्याबद्दल मला मोकळेपणाने बोलायचंय. घरात बंदूक असेल तर आत्महत्येने मृत्यूचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कारण असं की वाईट क्षण येतो आणि जातो, पण बंदूक जवळ असली तर तो जायला वेळच मिळत नाही. तुमच्याबद्दल असं काही गृहीत धरत नाही. पण मन फार जड होत असेल, झोप त्यामुळेच उडत असेल, तर परवान्याचा अर्ज थांबवा आणि आधी कोणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात, कधीही चालतो.

आगळ_कोयंडा :

नळी_साफ यांनी लिहिलं की वेळ दाराने दिला पाहिजे. तो कसा विकत घ्यायचा ते लिहितो, कारण यातलं सगळं रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या छोट्या भागात होतं.

जुन्या घरांत दार मजबूत असतं, चौकट कमजोर. कडीचा कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसलेला असतो, एका लाथेत चौकटीतून उपटतो. कोयंडा आणि बिजागऱ्यांना ७५ मिमीचे स्क्रू, किंवा दाराच्या आरपार बोल्ट, आणि चौकट चिऱ्यात अँकरने धरलेली. मागच्या दाराला आडवी आगळ, दोन्ही बाजूंना भिंतीत लोखंडी खोबणी. पडवीला ग्रिल, त्याचं कुलूप आतून, बाहेरून हात पोचणार नाही असं.

चोर दारातूनच येतो असं नाही. कौलं सरकवून माळ्यावर आणि तिथून खाली, हा आपल्याकडचा जुना रस्ता. म्हणून सगळं घर बंद करण्यापेक्षा झोपण्याची एक खोली पक्की करा. तिच्यावर कौलांखाली लोखंडी जाळी किंवा माळ्याच्या फळ्यांवर पट्ट्या, भरीव दार, आतून वर-खाली दोन कड्या. खोलीत चार्ज असलेला दुसरा मोबाइल, बॅटरी, पाणी, आणि एक हूटर ज्याचं बटण पलंगापाशी आणि भोंगा वाडीकडे तोंड करून छपराखाली. वाडीतल्या दोन घरांना हा आवाज ओळखीचा करून द्या. हालचालीवर पेटणारे सौर दिवे मागच्या दाराशी आणि विहिरीकडे, तीन मीटर उंचीवर, म्हणजे हाताने काढता येणार नाहीत. आपल्याकडे वीज जाते, म्हणून हूटरला बॅटरी हवीच. ठाण्यात ज्येष्ठ नागरिक म्हणून नाव नोंदवा आणि बीट अंमलदाराला घर प्रत्यक्ष दाखवा. ११२ ला पत्ता सांगताना वाडीचं नाव कळत नाही, म्हणून जवळचं देऊळ, शाळा, रस्त्याचा फाटा असं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवा.

ओटीवरची_जास्वंद :

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्यात अर्ज देते म्हणजे बंदूक सरकारजमा होणार नाही, आणि आधी खोलीचं काम काढते. गोळीबद्दल डॉक्टरांकडे जाते. एकच शंका राहिली. तोवर छर्ऱ्याची एअरगन घेऊन ठेवू का? दुकानदार म्हणतो परवाना लागत नाही.

नळी_साफ :

.१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीची असेल तर परवाना लागत नाही, ते खरं. पण घेऊ नका. तिने माणूस थांबत नाही, आणि समोरच्याला अंधारात ती खरी बंदूक दिसते. तो कोयता घेऊन आला असेल तर आधी तुमच्यावरच धावेल. काही हवंच असेल तर मिरचीचा स्प्रे, धुक्यासारखा उडणारा नको, धार किंवा जेल मारणारा घ्या. बंद खोलीत धुक्याचा स्प्रे उडवला तर तुमचेच डोळे झोंबतात. डब्यावरची मुदत पाहा, दाब उतरला की धार समोरच पडते.

परवाना_शाखा :

ठाण्यातल्या अर्जात बंदुकीचा क्रमांक, बोअर, बनावट, पावतीचा क्रमांक आणि तारीख, आणि यजमानांच्या परवान्याचा क्रमांक एवढं हवं. काडतुसं जमा केली असतील तर त्यांची संख्या वेगळी लिहा. पावतीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच उभं राहून पाहा. एक आकडा चुकला तरी तो पुढे विक्रीला आणि नावावर करायला, दोन्हीकडे आडवा येतो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घ्या.

आणि विकायचं ठरलं, तरी बंदूक स्वतः घेऊन दुकानात जाऊ नका. विक्रेत्याचं पत्र ठाण्यात देऊन, लेखी परवानगीने ती तिथून थेट त्याच्याकडे जाऊ द्या.